चिखल्याची भिंत

१ जानेवारी

नवीन वर्ष, नवी डायरी. सौ.च्या रॅकवरून उचलली. बिल करू का, असं तिने विचारलं. गंमत केली असावी.

यंदाचा संकल्प एकच आणि तो जाहीर करून टाकला आहे. हे वर्ष टायटन टोळीचं. सौ. म्हणाली, गेलंही तिचंच होतं. मी म्हणालो, गेलं पायाभरणीचं होतं. त्यावर तिने अट घातली. वर्षअखेरपर्यंत माझ्या भिंतीवरचा माल हलला तर भिंत माझी, नाहीतर तिची. तिला तिथे फायली लावायच्या आहेत. मी हसत हसत कबूल केलं. हसणं थांबल्यावर मात्र दोन्ही भिंतींकडे एकदा नीट बघून घेतलं.

कारण दुकानाला भिंती दोनच. डावी सौ.ची: वह्या, पेनं, कार्डशीट, रिबिनी, झेरॉक्स मशीन. उजवी माझी. ती गेली तर या दुकानात मी नेमका कोण? झेरॉक्सवाला? मला त्या मशीनमध्ये अडकलेला कागदसुद्धा काढता येत नाही.

४ जानेवारी

मधले दोन दिवस लिहायचं राहिलं. कामाचा ताण.

उद्या कुणी माझ्यावर अभ्यास करायला आलं तर त्याची पंचाईत नको, म्हणून टायटन टोळी म्हणजे काय ते नोंदवून ठेवतो. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. त्याच्याबरोबर एक गोल, बसकं, दिवे लागणारं यंत्र येतं. कंपनी त्याला पॉवर पॅड म्हणते, सौ. पाट म्हणते. पाटावर बाहुला ठेवला की तोच बाहुला टीव्हीत जिवंत होऊन उडी मारतो. बाहुल्याच्या पायाखालच्या चकतीत चिप असते. गेममध्ये जितकं लढू तितकी त्याची ताकद वाढते आणि ती चकतीत साठते. मित्राच्या घरी बाहुला नेला तर ताकदही बरोबर जाते. माणसाला जमतं का हे?

शिवाय गेममधले काही दरवाजे ठरावीक बाहुल्याशिवाय उघडतच नाहीत. म्हणजे एक घेतला की दुसरा घ्यावाच लागतो. सौ. म्हणाली, ही तर फसवणूक झाली. मी म्हणालो, याला धंदा म्हणतात. आपण एकच गोष्ट बोललो असं तिचं म्हणणं पडलं.

माझा डेमोचा बाहुला सगळ्यात वरच्या लेव्हलला पोचला आहे. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी त्याच्यावर मेहनत घेतो. मार्केट रिसर्च.

१२ जानेवारी

टायवाला येऊन गेला. होलसेलरचा सेल्समन. नाव सांगितलं होतं त्याने, पण टायच लक्षात राहतो. नवीन खोकं ठेवून गेला.

खोक्यात कोण किती यायचे ते कंपनी ठरवते, दुकानदाराला निवड नाही. एक सोनेरी गेंडा. त्याच्याशिवाय गेमचा शेवटचा दरवाजा उघडत नाही, त्यामुळे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. थोडी कासवं, थोडी घुबडं. बाकी सगळे चिखल्या. चिखल्या म्हणजे चिखलाचा गोळा, त्याला दोन डोळे, दोन आखूड पाय आणि एक खुळं हसू. गेम विकत घेतला की एक चिखल्या आतच फुकट मिळतो, मग दुसरा कोण घेणार, असं मी टायवाल्याला विचारलं. तो म्हणाला, साहेब, पॉप्युलर कॅरेक्टर आहे, प्रत्येकाच्या घरी आहे. बिनतोड मुद्दा.

गेंडा भिंतीवर मधोमध लावला. मग काढला. तिथे ऊन येतं. काउंटरखालच्या कपाटात ठेवला. दोन-चार दिवसांपुरता.

२ फेब्रुवारी

दाताचा डॉक्टर आला. कोपऱ्यावर दवाखाना आहे त्याचा. स्वतः खेळतो आणि तसं सांगतो, मुलांच्या नावावर खपवत नाही. अस्सल माणूस. भिंतीवर एक नजर टाकून विचारलं, गेंडा आहे का. म्हणालो, संपला, हातोहात गेला. तसं ते खोटं नाही. एका हातातून दुसऱ्या हातात गेलाच होता. दोन्ही हात माझे होते, एवढंच.

पुढच्या खोक्यातला तुमचा, असं सांगितलं. कासव घेऊन जा तोवर, म्हणालो. तो म्हणाला, शेवटचा दरवाजाच उघडणार नसेल तर कासव घेऊन काय करू. चिखल्यांच्या रांगेकडे बघून जरा हसला आणि रिकाम्या हाताने गेला.

२१ फेब्रुवारी

खोकं आलं. गेंडा आला. हा डॉक्टरचा, असं मनाशी पक्कं केलं. मग लक्षात आलं की पहिल्या गेंड्याचं पॅकिंग एका कोपऱ्यात दबलंय. संग्रहात एक तरी निर्दोष हवा. डॉक्टरला पुढचा. त्याला घाई नाही. दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारी माणसं धीराची असतात.

पॅकिंग मात्र कुठलंच फोडायचं नाही. फोडलं की किंमत उतरते. हा या धंद्यातला पहिला नियम.

२२ फेब्रुवारी

नवे चिखल्या लावले. हूक पुरेनात. कासवं-घुबडं एका बाजूला सारली. लांबून भिंत आता एकाच रंगाची दिसते. तपकिरी. भारदस्त वाटतं.

सौ.ने विचारलं, हे सगळे एकच आहेत का. मी म्हणालो, नीट बघ, प्रत्येकाच्या पॅकिंगवर क्रमांक आहे. तिने चष्मा लावून नीट बघितलं. क्रमांकही एकच होता.

११ मार्च

निदान झालं. मालात खोट नाही, प्रसिद्धी कमी पडते. येत्या रविवारी दुकानात टायटन टोळीची भव्य स्पर्धा. टीव्ही दाराशी, पाट स्टुलावर. गर्दी आवरायला लेकीला बोलावलं आहे. ती कॉलेजात असते, रविवारी काउंटरवर बसते. ती म्हणाली, बाबा, दोरी बांधायची का रांगेसाठी. मी म्हणालो, बांध.

१७ मार्च, सकाळी

दोरी बांधली.

१७ मार्च, संध्याकाळी

दोरी सोडली. तिला अडकून झेरॉक्सचं एक गिऱ्हाईक पडता पडता वाचलं.

प्रतिसाद चांगला होता. दर्जेदार. झेरॉक्ससाठी थांबलेली मुलं बराच वेळ टीव्हीकडे बघत होती, कागद हातात पडेपर्यंत. एक आई तर मुलीला घेऊन खास थांबली. तिने विचारलं, गेम घेतला की खेळता येतं ना. मी म्हणालो, पाट लागतो. पाट घेतला की झालं ना, असं तिने विचारलं. मी म्हणालो, बाहुले लागतात. आणि ते घेतले की? मी म्हणालो, पाण्याच्या दरवाजासाठी कासव, वाऱ्याच्या दरवाजासाठी घुबड... तोवर मुलगी म्हणाली, आई, तुझ्या फोनवर असाच गेम आहे, तो फुकट आहे. हल्ली लहान मुलांसमोर काही बोलायची सोय राहिली नाही.

स्पर्धा डॉक्टरने जिंकली. दुसरं कुणी नव्हतं. बक्षीस म्हणून चिखल्या दिला. तो काउंटरवरच विसरून गेला. मी मागे धावत जाऊन दिला, तर माझे आभार मानून डॉक्टर तो पुन्हा फुटपाथवरच्या बाकड्यावर विसरला.

९ एप्रिल

लेक म्हणते, बाजारात नवीन मशीन आलंय, सगळे तेच घेतायत, आणि त्याला पाट जोडायला जागाच नाही. मी म्हणालो, दर्दी लोक जुनं मशीन सोडत नाहीत. ती म्हणाली, दर्दी म्हणजे तुम्ही आणि डॉक्टर. मी म्हणालो, सुरुवात अशीच होते. ती म्हणाली, बाबा, शेवटही असाच होतो.

कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

६ मे

टायवाला आला, पण टायशिवाय. मी ओळखलंच नाही. आता फोनची कव्हरं विकतो. बढती झालेली दिसते.

त्याने सांगितलं की टायटन टोळी बंद. कंपनीने बाहुल्यांचा अख्खा विभागच विश्रांतीवर पाठवला. नवीन बाहुले नाहीत, दुसरा भाग नाही. मी म्हणालो, विश्रांती म्हणजे बंद नव्हे. तो म्हणाला, साहेब, त्या विभागातली माणसं घरी गेली. मी म्हणालो, विश्रांतीला माणूस घरीच जातो. त्याने कपाळावर हात मारला. गोदामात अजून पंधरा-वीस खोकी पडली आहेत, पडत्या भावात देतो, पण घेऊ नका, असंही म्हणाला. सेल्समन घेऊ नका म्हणतो तेव्हा माल किती जबरदस्त असेल!

सगळी उचलली. बाकीचे दुकानदार काखा वर करून पळत सुटले आहेत. म्हणजे मैदानात मी एकटा. याला मक्तेदारी म्हणतात.

७ मे

टेम्पो आला. खोकी जिन्यावर, मोरीच्या दाराशी, लेकीच्या पलंगाखाली. सौ.ने खोकी मोजली. मग पुन्हा मोजली. कौतुकाने माणूस असं पुन्हा पुन्हा मोजतो कधी कधी.

गेंडे वेगळे काढून कपाटात लावले. कपाट भरलं. दार लावून कुलूप घातलं आणि जरा वेळ तिथेच खाली बसून राहिलो. इतकं समाधान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

२ जून

सौ.ने माझ्या भिंतीचा सगळ्यात खालचा कप्पा घेतला. शाळा उघडतायत, वह्या ठेवायला जागा नाही, तात्पुरता द्या म्हणाली. दिला. मोठं मन ठेवायला हवं.

२० जून

तिने त्याच्यावरचाही कप्पा घेतला. चिखल्या वर सरकवले. वर जास्त उठून दिसतात.

१४ जुलै

नवा डाव. माल जुना झाला असं लोक म्हणत असतील तर म्हणू देत. जुन्यालाच भाव असतो. मोठ्या अक्षरांत पाटी लावली: शेवटची संधी. खाली लहान अक्षरांत: पुन्हा मिळणार नाही. कार्डशीट सौ.चं, अक्षर लेकीचं, कल्पना माझी.

५ ऑगस्ट

पाटीला प्रतिसाद येऊ लागला. आज तिघांनी चौकशी केली. दोघांनी विचारलं, दुकान बंद करताय का. तिसऱ्याने विचारलं, झेरॉक्स मशीन कितीला देणार.

पाटी काढली.

१९ ऑगस्ट

लिहू नये असं वाटतं. पण डायरी म्हणजे डायरी.

संध्याकाळी डॉक्टर कसल्याशा कागदांची झेरॉक्स काढायला आला. सौ.ला पिना हव्या होत्या. तिने मला विचारलं, स्टेपलरच्या पिना कुठे ठेवल्यात, आणि उत्तराची वाट न बघता काउंटरखालचं कपाट उघडलं. कुलूप कालच तेल द्यायला काढून ठेवलं होतं. आत सोनेरी गेंडे. वरपासून खालपर्यंत, सगळे तोंड बाहेर करून.

डॉक्टर वाकून बघत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, अहो, मला एक दिला असतात तर बाकीचा सगळा सेट मी इथूनच नेला असता. आमचा सात-आठ जणांचा ग्रुप होता. सगळे त्या शेवटच्या दरवाजाशी अडकून बसले होते. किती दिवस अडकून राहणार? कंटाळून सोडलं एकेकाने. मी आता मासे पाळतो.

झेरॉक्स घेतली, पिना मारून घेतल्या आणि गेला.

म्हणजे तिकडे कंपनीने काय गोंधळ घातला ते कंपनी जाणे. आमच्या रस्त्यावर हा खेळ बंद पाडला तो मी. लाज वाटली. दुसरा शब्द सापडत नाही.

सौ. म्हणाली, आपल्या दुकानात या मालाचं गिऱ्हाईक एकच आणि तेही काउंटरच्या आत बसलेलं. ती हसली नाही. तिने हसावं म्हणून मी थोडं थांबलो होतो.

२३ ऑगस्ट

विचारांती असं दिसतं की दोष पूर्णपणे माझा नाही. कपाटाला काचेचं दार असतं तर हा प्रकार पहिल्याच आठवड्यात उघडकीस आला असता. सुतार काच लावू का म्हणत होता. त्याला लाकडी दार लावायला मी सांगितलं, हे खरं. पण त्याने आग्रह धरायला हवा होता.

५ सप्टेंबर

चूक सुधारायची. एक गेंडा पिशवीत घालून डॉक्टरच्या दवाखान्यात गेलो. नुसतं कसं जायचं, म्हणून दाढ दुखते असं सांगितलं. त्याने खुर्चीत झोपवलं, दिवा तोंडावर घेतला आणि म्हणाला, बरं झालं आलात, ही काढावीच लागेल. गेंड्याचं बोलायला तोंड उघडलं होतं, ते त्याच्या कामी आलं.

नंतर कापूस तोंडात धरून गेंडा पुढे केला. त्याने हातात घेऊन बघितला, छान आहे म्हणाला आणि परत दिला. जुनं मशीन त्याने केव्हाच देऊन टाकलंय. मग भिंतीतल्या टाकीतले मासे दाखवले.

दाढ गेली, गेंडा परत आला.

२२ सप्टेंबर

केकवाली आली होती. घरी वाढदिवसाचे केक करते, सौ.कडून रिबिनी नेते. रिबीन निवडता निवडता तिचं लक्ष चिखल्यांकडे गेलं आणि ओरडलीच, अगं बाई, हे काय गोड आहे! इतक्या महिन्यांत चिखल्याला कुणी गोड म्हटल्याचं आठवत नाही. मी धावत पुढे गेलो, पाट, चिप, लेव्हल सगळं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते असू द्या, चॉकलेटच्या केकवर चिखलात बसलेला दिसेल. फक्त खालची ती चकती कापून देता येईल का? पाय क्रीममध्ये रुतायला हवेत.

मी नाही म्हणालो. स्वच्छ शब्दांत. त्या चकतीतच त्याचा सगळा जीव आहे. केकवाली म्हणाली, जीव कशाला हवाय, केकवर बसायचंय त्याला.

तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

२३ सप्टेंबर

सौ.ने माझ्या हातात हॅक्सॉ दिली. पहिल्यांदा डझनभरच हवेत म्हणाली. अट तुम्हीच मान्य केलीत, माल हलायला पाहिजे ना? मी तिच्याकडे बघितलं, तर तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. मला हरवायचं असतं तर ती नुसती गप्प बसली असती तरी चाललं असतं, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात आलं.

पहिलं पॅकिंग फोडलं. नियम मोडला. चिखल्याला आडवा धरून घोट्यापाशी करवत लावली. तो हसतच होता.

१५ ऑक्टोबर

चिखल्या धडाक्यात चाललाय. केकवालीने तिच्या सगळ्या मैत्रिणींना सांगितलं. चिखल्या चॉकलेट केकवर, कासव हिरव्या क्रीमवर, घुबडं बायका नुसती शोभेला नेतायत. लेक म्हणते, बाबा, तुम्ही अखेर ट्रेंडमध्ये आलात. मी पहिल्यापासून म्हणतच होतो की चिखल्यात दम आहे. टायवालाही म्हणायचा. आम्ही दोघंच.

करवतीला माझा हात आता बसला आहे. सफाई आली आहे. केकवालीने सौ.जवळ त्याचं कौतुक केलं म्हणे. कापलेल्या चकत्या मात्र फेकवत नाहीत. बिस्किटांच्या डब्यात ठेवतो.

८ नोव्हेंबर

लेकीचा पलंग मोकळा झाला. जिना मोकळा झाला. मोरीचं दार पूर्ण उघडतं.

भिंतीवर हूकच हूक दिसतात. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तिकडे नजर जाते आणि मग मी दुसरीकडे बघतो. माल हलला की आनंद व्हायचा असतो. होईल. थोडा वेळ लागेल.

१२ डिसेंबर

राहता राहिले गेंडे. केकवालीला एका मोठ्या समारंभासाठी सोनेरी काहीतरी हवंय. सगळे द्या म्हणाली. मी उद्या बघू म्हणालो.

१३ डिसेंबर

पुन्हा विचारायला आली. लेकीने माझ्याकडे बघून विचारलं, बाबा, मी कापू का. म्हणालो, नको, मीच कापतो. कुणी दुसऱ्याने वेडावाकडा कापला तर?

सगळे कापले. जपून. शेवटच्या दोघांना जास्त वेळ लागला. ब्लेड बोथट झालं होतं, असं सौ.ला सांगितलं. तिने नवं ब्लेड आणून दिलं. ते वापरलं नाही.

१४ डिसेंबर

दुपारी दुकान बंद असताना पाट लावला. चकतीत काही उरलंय का बघावं, म्हणून गेंड्याची एक कापलेली चकती, वर पायाचे दोन सोनेरी ठोकळे उरलेली, पाटावर ठेवली. पाटाचे दिवे लागले. टीव्हीत सोनेरी गेंड्याने उडी मारली. धडधाकट. शिंगासकट. जमिनीवर पाय आपटला, डरकाळी फोडली.

मी चकतीकडे बघितलं. मग टीव्हीकडे. मग परत चकतीकडे.

म्हणजे बाहुला कधी लागतच नव्हता. हात, पाय, शिंग, तो सोनेरी रंग, पॅकिंगचा दबलेला कोपरा, कशाकशाचं यंत्राला सोयरसुतक नव्हतं. त्याला ही आठ आण्याएवढी चकती पुरत होती. बाहुला नुसता वरचं झाकण. मी इतकी वर्षं झाकणं विकली, आणि तीही विकली नाहीत. जपली.

आता गेंडा आहेच तर म्हणून शेवटच्या दरवाजाशी गेलो. कपाटभर गेंडे असून मी स्वतः कधी त्या दरवाजापलीकडे गेलो नव्हतो, कारण पॅकिंग फोडायचं नाही. गेंड्याने धडक दिली. दरवाजा उघडला. आत एक प्रचंड दालन, मशाली, मधोमध खजिन्याची पेटी. पेटी उघडली. आत एक पाटी होती: टायटन टोळी, भाग दोन, लवकरच येत आहे.

डॉक्टरला फोन करून सांगावंसं वाटलं. मग म्हटलं, नको, त्याचा माशांना खायला घालायचा वेळ असेल.

३१ डिसेंबर

भिंत रिकामी. एक चिखल्याही उरला नाही. डेमोचासुद्धा गेला, सगळ्यात वरच्या लेव्हलचा. कुणाच्या तरी पाचव्या वाढदिवसाला.

संध्याकाळी सौ. भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, अट अट असते. माल हलला. भिंत तुमची. सांगा, काय लावायचं इथे?

मी तयार नव्हतो. हरल्यावर काय बोलायचं ते सगळं ठरवलेलं होतं, चांगली चार वाक्यं होती, एक तर फारच टोमणेदार होतं. जिंकल्यावरचं काहीच ठरवलं नव्हतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. ती म्हणाली, करा की, घाई नाही. स्टूल ओढून बसलीही. लेकही येऊन बसली. दोघी वाट बघत होत्या, अगदी मनापासून.

मी बराच वेळ हूक मोजत असल्यासारखा उभा राहिलो. काय हवंय मला? काही सुचलं नाही. एक गोष्टही सुचली नाही. असं कसं होतं माणसाचं?

शेवटी म्हणालो, फायली लाव. सौ. म्हणाली, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. ती उठून माझ्या पाठीवर हात ठेवून आत गेली. तेवढ्याने मला रडू येईल असं वाटलं नव्हतं. आलं.

३ जानेवारी

फायली लावल्या. मीच लावल्या, रंगवार. लाल खाली, निळ्या मध्ये, काळ्या वर. भरगच्च दिसते भिंत.

संध्याकाळी बँकेतल्या बाई आल्या. वर्षानुवर्षं दर आठवड्याला झेरॉक्सला येतात. आल्या आल्या उजवीकडे बघून थबकल्या. दोन निळ्या फायली घेतल्या. पैसे देताना म्हणाल्या, बरं केलंत हो, इतकी वर्षं ती भिंत नुसती रिकामी होती.

मी फायली पिशवीत घातल्या. म्हणालो, हो ना, जागा उगाच वाया जात होती.